साडेपाच तासांचा घोळ: मुक्त टीव्ही गाइडला हातभार कसा लावायचा

घरच्या टीव्हीला एक छोटा संगणक जोडून त्यावर कोडी हा टीव्ही-व्हिडिओ दाखवणारा मुक्त प्रोग्राम बसवला, तेव्हा आईला सगळ्यात जास्त कौतुक वाटलं ते गाइडचं. डावीकडे चॅनेल, वर वेळ, मधे कार्यक्रमांचे चौकोन. दोन दिवसांनी तिनं विचारलं, "अरे, सातची मालिका रात्री साडेबाराला कधीपासून लागायला लागली?" मालिका जागेवरच होती. वेळापत्रकाच्या एका पानावरून माहिती उचलणारी फाइल मीच लिहिली होती, आणि पानावरचे ‘१९:००’ हे भारतीय वेळेतले आहेत हे त्या फाइलला सांगायचं राहून गेलं होतं. प्रोग्रामनं ते जागतिक प्रमाणवेळेतले, म्हणजे यूटीसीतले धरले, टीव्हीनं त्यात आपले साडेपाच तास मिळवले आणि मालिका मध्यरात्रीपलीकडे जाऊन पडली.

दुरुस्ती एका ओळीची होती. पण ती चूक मला दिसली नव्हती, आईला दिसली होती. गाइडच्या प्रकल्पांमध्ये हे सतत होतं. कोड लिहिणारा जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला असतो, त्यानं ते चॅनेल कधी पाहिलेलं नसतं, आणि त्याच्या लेखी १९:०० काय आणि ००:३० काय, दोन्ही सारखेच आकडे. ते चॅनेल रोज बघणारा माणूस लागतो. मराठी वाहिन्यांसाठी तो माणूस तुम्ही होऊ शकता. प्रोग्रामिंग येत नसलं तरी चालेल, आलं तर आणखी बरं.

खाली ज्या कमांड दिल्या आहेत त्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन लिपीत टाकायच्या.

हे गाइड येतं कुठून

डिश किंवा केबलच्या सेट टॉप बॉक्सवर जे गाइड दिसतं ते चित्र-आवाजाबरोबरच सिग्नलमधून येतं. डीव्हीबी या प्रसारण मानकात त्यासाठी ‘इव्हेंट इन्फर्मेशन टेबल’ नावाचा तक्ता असतो. कोडी, टीव्हीहेडएंड, मिथटीव्ही असले टीव्ही दाखवणारे-रेकॉर्ड करणारे प्रोग्राम इंटरनेटवरून चॅनेल दाखवतात तेव्हा तो तक्ता सहसा नसतो. मग वेळापत्रक वेगळ्या फाइलमधून द्यावं लागतं, आणि त्या फाइलचा सगळीकडे चालणारा नमुना म्हणजे एक्सएमएलटीव्ही. याच नावाचा एक जुना मुक्त प्रकल्पही आहे. तो पर्ल भाषेत लिहिलेला आहे, आणि फाइल तपासायची, क्रमानं लावायची, जोडायची छोटी छोटी साधनं त्यात आहेत.

लोकांनी हे काम स्वतःच्या हातात का घेतलं, याचं एक कारण इतिहासात आहे. अमेरिकेत ‘झॅप-टू-इट लॅब्ज’ ही सेवा मिथटीव्ही वापरणाऱ्यांना वेळापत्रक फुकट देत होती. सप्टेंबर २००७ मध्ये ती बंद झाली. लोकांनी घरी बांधलेले रेकॉर्डर एकदम आंधळे झाले, कारण कोणता कार्यक्रम केव्हा आहे हेच त्यांना कळेना. त्यातून ‘शेड्यूल्स डायरेक्ट’ ही ना-नफा संस्था उभी राहिली, जी माफक वर्गणी घेऊन ही माहिती देते. फुकट मिळणारी गोष्ट एका पत्रकानं बंद होऊ शकते, हा धडा त्या मंडळींनी तेव्हा घेतला.

आज नव्यानं हातभार लावायचा तर मी गिटहब या कोड साठवून एकत्र काम करायच्या संकेतस्थळावरचा ‘आयपीटीव्ही-ऑर्ग’ या गटाचा ‘ईपीजी’ (इलेक्ट्रॉनिक प्रोग्रॅम गाइड) हा प्रकल्प सुचवेन. जगभरातल्या शेकडो संकेतस्थळांवरून वेळापत्रकं उचलून त्यांची एक्सएमएलटीव्ही फाइल करणारं हे साधन आहे. नावात आयपीटीव्ही, म्हणजे इंटरनेटवरून टीव्ही, असल्यामुळे काहींना शंका येते, म्हणून सांगतो: या रेपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या फाइलींच्या साठ्यात, चॅनेलच्या प्रक्षेपणाच्या लिंका नाहीत. कुठल्या वेळी काय आहे, एवढंच. वर्तमानपत्रात पूर्वी ‘आज दूरदर्शनवर’ अशी चौकट यायची, तिचंच हे संगणकी रूप.

आधी फाइल वाचायला शिका

कोणतीही कमांड चालवण्याआधी एक तयार गाइड फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून दहा मिनिटं बघा. या दहा मिनिटांनी पुढचे दहा तास वाचतात.

फाइलमध्ये दोनच प्रकारच्या नोंदी असतात. वरच्या भागात ‘चॅनेल’ नोंदी: प्रत्येकीला एक ओळखनाम, दाखवायचं नाव आणि बहुतेक वेळा बोधचिन्हाचा पत्ता. खालच्या भागात ‘प्रोग्रॅम’ नोंदी: कुठलं चॅनेल, सुरुवात, शेवट, शीर्षक. त्याखाली जमलं तर वर्णन, प्रकार, कलाकार, भाग क्रमांक. वरचं ओळखनाम आणि खालचं ओळखनाम अक्षर न् अक्षर जुळलं, तरच टीव्हीवर चौकोन भरतात. एक कॅपिटल अक्षर चुकलं तरी त्या चॅनेलची ओळ रिकामी राहते, आणि चूक झाल्याचा कुठलाही संदेश येत नाही.

वेळ अशी लिहिलेली असते: चार आकडी वर्ष, दोन आकडी महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, सगळं एकापाठोपाठ, मग एक जागा सोडून यूटीसीपासूनचा फरक. आपल्याकडे तो ‘अधिक ०५३०’. ‘२०२५०११५१९०००० +०५३०’ आणि ‘२०२५०११५१३३००० +००००’ ही एकच वेळ आहे, १५ जानेवारीचे संध्याकाळचे सात. हा प्रकल्प फाइलमध्ये यूटीसीच लिहितो. त्यामुळे सातच्या मालिकेपुढे साडेतेरा वाजलेले दिसले तर घाबरू नका, ते बरोबर आहे. एकोणीस वाजलेले दिसले तर मात्र घाबरा.

भाग क्रमांकाची एक गंमत. एक्सएमएलटीव्हीच्या स्वतःच्या पद्धतीत मोजणी शून्यापासून असते, म्हणून मालिकेचा हजारावा भाग तिथे ९९९ म्हणून नोंदला जातो. ईपीजी प्रकल्पातल्या ग्रॅबरला (वेळापत्रक उचलून आणणाऱ्या प्रोग्रामला) साधा आकडा दिला की वजाबाकी तो स्वतः करतो. तुम्ही आधीच एक वजा केलात तर दोनदा वजा होणार.

साधन आपल्या संगणकावर चालवणं

गिट (फाइलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) आणि नोड जेएस (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) हे दोन लागतात, नोडची चालू स्थिर आवृत्ती घ्या. गिटहबवर खातं काढा, ईपीजी रेपॉझिटरी आपल्या खात्यात फोर्क करा, म्हणजे तिची स्वतःची प्रत घ्या, आणि तो फोर्क ‘गिट क्लोन’ करून संगणकावर उतरवा. रेपॉझिटरी मोठी आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर ‘डेप्थ’ हा पर्याय एक ठेवून क्लोन करा, म्हणजे जुना सगळा इतिहास उतरत नाही. मग त्या फोल्डरमध्ये जाऊन ‘एनपीएम इन्स्टॉल’.

हे झालं की एक संकेतस्थळ घेऊन ‘एनपीएम रन ग्रॅब’ चालवा. त्यापुढे आडव्या रेघा आणि साइटचं नाव देणारा पर्याय येतो. तो नेमका कसा लिहायचा हे रीडमी फाइलमध्ये बघून लिहा, कारण आवृत्तीगणिक त्यात किरकोळ बदल होतात आणि जुन्या व्हिडिओंमधून उतरवलेली कमांड हटकून अडते. पहिल्यांदा एकच दिवस मागवा, ‘डेज’ पर्यायात १. चाललं तर ‘गाइड’ नावाची एक्सएमएल फाइल तयार होते. ‘एनपीएम रन सर्व्ह’ केलंत की तीच फाइल घरातल्या टीव्हीला संगणकाच्या ३००० क्रमांकाच्या पोर्टवरून वाचता येते.

एकाच वेळी किती जोडण्या उघडायच्या आणि दोन विनंत्यांमध्ये किती थांबायचं यासाठीही पर्याय आहेत. ते ताणू नका. समोर कुणाचा तरी सर्व्हर आहे. वेळापत्रकाचं पान तुम्हाला ब्राउझरमध्ये फुकट दिसतं म्हणून मिनिटाला हजार वेळा ते मागायचा परवाना मिळत नाही. शिवाय अडवलं जाईल ते तुम्हा एकट्याला नाही. तो स्रोत वापरणाऱ्या सगळ्यांनाच मग दार बंद होतं.

कोड न लिहिता करायचं काम: नावं जुळवणं

इथे जरा रेंगाळतो, कारण नवख्या माणसाच्या हातून सगळ्यात जास्त उपयोग इथेच होतो आणि इथेच कुणी फिरकत नाही.

प्रकल्पात ‘साइट्स’ नावाचा फोल्डर आहे. त्यात प्रत्येक संकेतस्थळाचा उपफोल्डर, आणि त्यात नावाच्या शेवटी ‘चॅनेल्स डॉट एक्सएमएल’ असलेली यादी. यादीतल्या प्रत्येक ओळीत चार-पाच गोष्टी असतात: संकेतस्थळाचं नाव, त्या संकेतस्थळावरचा चॅनेलचा अंतर्गत क्रमांक, भाषा, एक्सएमएलटीव्ही ओळखनाम आणि शेवटी वाचायचं नाव. अंतर्गत क्रमांक संकेतस्थळाचा असतो, ओळखनाम मात्र प्रकल्पाच्या सामायिक डेटाबेसमधलं. हा डेटाबेस वेगळ्या रेपॉझिटरीत आहे. ओळखनामाची घडण साधी आहे: चॅनेलचं रोमन नाव मोकळ्या जागा काढून, मग टिंब, मग देशाची दोन अक्षरं. झी मराठीचं ‘झीमराठी डॉट आयएन’. एका चॅनेलची एकाहून जास्त फीड, म्हणजे वेगवेगळी प्रक्षेपणं, असतील तर त्यापुढे ‘ॲट’चं चिन्ह लावून फीडचं नाव येतं.

पुष्कळ ओळींमध्ये ओळखनामाची जागा रिकामी असते. वेळापत्रक येतंय, पण ते कुणाचं हे यंत्राला माहीत नाही. ती जागा भरायची. यादीचा मार्ग देऊन ‘एनपीएम रन चॅनेल्स कोलन एडिट’ चालवलं की टर्मिनल एकेक चॅनेल समोर ठेवतं आणि संभाव्य ओळखनामं सुचवतं. निवडा, नाहीतर पुढे जा.

सोपं वाटतं, पण मराठी चॅनेलांची नावं म्हणजे गावातल्या घराण्यासारखी आहेत; जुनं नाव, नवं नाव, माहेरचं नाव. झी मराठी सुरुवातीला अल्फा टीव्ही मराठी होतं. कलर्स मराठी म्हणजे आधीचं ईटीव्ही मराठी, नाव बदललं २०१५ मध्ये. एबीपी माझा २०१२ पर्यंत स्टार माझा होतं. एखाद्या संकेतस्थळाच्या पोटात अजून जुनं नाव पडून असतं, आणि दिल्लीत किंवा बर्लिनमध्ये बसलेला योगदानकर्ता त्याला ‘बंद पडलेलं चॅनेल’ समजून सोडून देतो. उलटही होतं. नुसतं ‘सोनी’ म्हणजे हिंदी, ‘सोनी मराठी’ हे २०१८ मध्ये सुरू झालेलं वेगळं चॅनेल. ‘कलर्स’ आणि ‘कलर्स मराठी’ यांचंही तेच. यंत्र नावाच्या सारखेपणावरून सुचवतं आणि पहिली सूचना बेधडक चुकीची असू शकते. एंटर दाबण्याआधी त्या चॅनेलचं आजचं वेळापत्रक उघडून दोन कार्यक्रम ओळखीचे आहेत का ते बघा. रोज बघणाऱ्याला दोन सेकंद लागतात.

एचडीचा प्रश्न वेगळा. एसडी आणि एचडीवर बहुधा तेच कार्यक्रम असतात, पण ‘बहुधा’वर नोंद करू नका. डेटाबेसमध्ये ते फीड म्हणून नोंदलेलं आहे की स्वतंत्र चॅनेल म्हणून, ते शोधा आणि तसंच लिहा. परदेशातल्या वाचकांनी इथे खास लक्ष द्यावं: अमेरिकेत किंवा आखातात दिसणाऱ्या मराठी वाहिनीचं फीड वेगळं असेल तर तिथली संध्याकाळ धरून कार्यक्रम मागेपुढे केलेले असतात. त्याला भारतातलं ओळखनाम चिकटवलं तर भारतातल्या सगळ्यांचं गाइड बिघडतं. न्यू जर्सीत बसून हे तपासून देणारा एक माणूस पुण्यातल्या पाचांना भारी आहे.

भाषेच्या रकान्यात गाइडच्या मजकुराची भाषा लिहायची असते. मराठी चॅनेल म्हणून डोळे मिटून मराठीचा ‘एमआर’ हा संकेत लिहू नका. आपल्या वाहिन्यांची वेळापत्रकं पुष्कळदा रोमन लिपीत आणि वर्णनं इंग्रजीत असतात. जे आहे ते लिहा. (गोव्याकडच्या वाहिन्या जोडताना एक अडचण येते: कोकणीला आयएसओच्या यादीत दोन अक्षरी संकेतच नाही, तीन अक्षरी ‘केओके’ आहे. अशा वेळी स्वतः काही शोध लावू नका, गिटहबवर इश्यू, म्हणजे प्रश्न किंवा तक्रारीची नोंद, उघडून विचारा.)

चॅनेल डेटाबेसमध्येच नसेल तर आधी तिकडच्या रेपॉझिटरीत ते जोडायची विनंती करायची. तिथे एक फॉर्म असतो: नाव, देश, भाषा, अधिकृत संकेतस्थळ असं भरायचं. नाव मूळ लिपीत लिहायचीही सोय आहे. ‘दूरदर्शन सह्याद्री’ देवनागरीत नोंदायला तिथे जागा आहे, ती वापरा.

शेवटी ‘चॅनेल्स कोलन लिंट’ आणि ‘चॅनेल्स कोलन व्हॅलिडेट’ या दोन कमांड यादीवर चालवा. पहिली मांडणी तपासते, दुसरी ओळखनामं खरी आहेत का ते.

बिघडलेला स्रोत दुरुस्त करणं

संकेतस्थळं बदलतात. काल चालणारा ग्रॅबर आज शून्य कार्यक्रम आणतो. प्रकल्पाच्या इश्यूंमध्ये अशा तक्रारी कायम असतात. त्यातली भारतीय संकेतस्थळाची एक उचला.

ब्राउझरमध्ये ते वेळापत्रकाचं पान उघडा, डेव्हलपर टूल्समधला नेटवर्कचा भाग उघडा आणि पानावर उद्याची तारीख निवडा. तेव्हा जी विनंती जाते तीच तुमची. बहुतेक वेळा उत्तर जेसन या माहितीच्या साध्या मांडणीत येतं, आणि ते पानाच्या एचटीएमएलपेक्षा वाचायला कितीतरी सोपं. मग त्या साइटच्या फोल्डरमधली कॉन्फिग फाइल, म्हणजे माहिती कशी उचलायची ते सांगणारी फाइल, उघडून तुलना करा: पत्ता बदलला आहे का, तारखेची मांडणी बदलली आहे का, एखाद्या रकान्याचं नाव बदललं आहे का. मला भेटलेल्या बहुतेक बिघाडांची कारणं या तिन्हीतच होती.

चौथं कारण म्हणजे संकेतस्थळानं मुद्दाम दार लावलं आहे. लॉगिन मागतंय, कॅप्चा टाकलाय. अशा वेळी कुलूप तोडायच्या खटपटीत पडू नका. इश्यूमध्ये तसं लिहा आणि दुसरा स्रोत शोधा. एकाच चॅनेलचं वेळापत्रक वाहिनीच्या स्वतःच्या पानावर, डीटीएच कंपन्यांच्या पानांवर आणि वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर असतं. मला विचाराल तर वाहिनीचं स्वतःचं पान आधी बघावं, कारण ऐन वेळी झालेले बदल तिथे आधी येण्याची शक्यता जास्त.

नवीन स्रोत लिहिणं

‘एनपीएम रन साइट्स कोलन इनिट’ला संकेतस्थळाचं नाव दिलं की रिकामा साचा तयार होतो: कॉन्फिग फाइल, चाचणीची फाइल, रीडमी. कॉन्फिग फाइल जावास्क्रिप्टमध्ये असते, आणि तिच्यात समजून घ्यायच्या गोष्टी तीनच. ‘यूआरएल’ हे फंक्शन चॅनेल आणि तारीख घेऊन पत्ता परत देतं. ‘पार्सर’ हे फंक्शन आलेला मजकूर घेऊन कार्यक्रमांची यादी परत देतं. ‘चॅनेल्स’ हे फंक्शन त्या संकेतस्थळावरच्या सगळ्या चॅनेलांची यादी आणतं, म्हणजे ती हातानं टाइप करावी लागत नाही. एचटीएमएल वाचायला चिअरिओ आणि तारखांसाठी डे-जेएस या लायब्ऱ्या प्रकल्पात आधीपासून आहेत. नवीन लायब्ररी आणू नका.

पत्ता आणि मजकूर वाचणं तासाभरात जमतं. वेळ खाते ती वेळच.

पहिली गाठ: पार्सरला मिळणारी तारीख यूटीसीच्या दिवसाच्या आरंभीची असते. आपला दिवस त्याच्या साडेपाच तास आधी सुरू होतो. संकेतस्थळावर ‘१५ जानेवारी, पहाटे ४’ लिहिलेला कार्यक्रम यूटीसीत १४ तारखेच्या रात्री साडेदहाला पडतो. तो तसाच पडू द्या. वेळ वाचताना डे-जेएसच्या टाइमझोन प्लगिनला ‘एशिया/कोलकाता’ असं स्पष्ट सांगायचं, बाकी गणित त्याच्यावर सोडायचं. स्वतः साडेपाच वजा करत बसलात तर आज बरोबर येईल, आणि उद्या संकेतस्थळानं यूटीसी द्यायला सुरुवात केली की कुणाला कळणारही नाही. आपण त्यातल्या त्यात नशीबवान, भारतात घड्याळ उन्हाळ्या-हिवाळ्यात पुढेमागे करत नाहीत. युरोपातली मंडळी दर मार्च आणि ऑक्टोबरमध्ये या पायी हैराण होतात.

काही जेसनमध्ये वेळ एका लांबलचक आकड्यात असते. तो १९७० पासूनचे सेकंद किंवा मिलिसेकंद मोजतो. दहा आकडे असतील तर सेकंद, तेरा असतील तर मिलिसेकंद. हा आकडा असेल तर टाइमझोनचा प्रश्नच उरत नाही. अर्थात लिहिणाऱ्यानं तो नीट काढला असेल तरच. एका पानावर मला भारतीय वेळच यूटीसी समजून काढलेला असा आकडा सापडला होता. कळलं कसं? संध्याकाळच्या बातम्या मध्यरात्री दिसत होत्या.

दुसरी गाठ मध्यरात्रीची. अनेक पानं फक्त ‘२३:३०’, ‘००:००’, ‘००:३०’ एवढंच देतात, तारीख देत नाहीत. ००:०० ला आजचीच तारीख लावली तर तो कार्यक्रम २३:३० च्या आधी जाऊन बसतो. प्रकल्पातल्या कितीतरी कॉन्फिग फाइलींमध्ये यावरचा तोच उपाय दिसेल: नवीन कार्यक्रमाची सुरुवात आधीच्या कार्यक्रमाच्या सुरुवातीपेक्षा आधीची निघाली, तर दिवस एकानं वाढवा आणि पुढच्या सगळ्यांना तोच वाढलेला दिवस वापरा. ‘पुढच्या सगळ्यांना’ हे विसरलं की फक्त पहिला कार्यक्रम उद्यात जातो आणि साडेबाराचा परत आजच्यात येतो. हाच उपाय अशा पानांनाही चालतो ज्यांचा ‘दिवस’ सकाळी सहाला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सहाला संपतो.

तिसरी गाठ शेवटच्या वेळेची. पान फक्त सुरुवात देत असेल तर एकाची सुरुवात म्हणजे आधीच्याचा शेवट, आणि दिवसाच्या शेवटच्या कार्यक्रमाला अंदाजे अर्धा तास द्यायचा, अशी प्रकल्पातली रीत आहे. आपल्याकडे रविवारचे महाएपिसोड एक-दोन तासांचे असतात, म्हणून शेवट दिलेला असेल तर तोच घ्या, अर्ध्या तासावर विसंबू नका.

शीर्षकं जशी आहेत तशी घ्या. मूळ पानावर शुद्धलेखनाची चूक आहे म्हणून कोडमध्ये ती सुधारायचा मोह होतो, पण उद्या त्यांनी चूक सुधारली की तुमची सुधारणाच चूक होते. फक्त दिसायला सारखी असलेली अक्षरं एकसारखी करणं योग्य, कारण रेकॉर्डिंगचे नियम शीर्षकावर चालतात. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधीपासून आणि अजूनही ‘ऍ’ लिहिणारे पुष्कळ आहेत. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन वेगवेगळ्या प्रकारे टाइप होतो, आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. एका दिवशी एक आणि दुसऱ्या दिवशी दुसरं आलं तर टीव्हीहेडएंड त्या दोन वेगळ्या मालिका समजतो आणि मंगळवारचा भाग रेकॉर्डच होत नाही. हे करायचं असेल तर मात्र आधी इश्यूमध्ये चर्चा करा. देवनागरी न वाचणाऱ्या मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, तुमचा बदल निरर्थक वाटू शकतो. दोन्ही अक्षरांचे युनिकोड क्रमांक दिलेत तर पटतं.

चाचणी

चाचणीची फाइल हा उपचार नाही. मेंटेनरला तुमचं संकेतस्थळ उघडून बघायला वेळ नसतो, कदाचित त्याच्या देशातून ते उघडतही नाही. चाचणी हाच त्याच्यासाठी पुरावा.

संकेतस्थळाकडून आलेलं एक खरं उत्तर ‘डेटा’ फोल्डरमध्ये साठवा आणि एक रिकामं उत्तरही, म्हणजे ज्या दिवशी वेळापत्रक नसतं तेव्हा येतं ते. मग तीन गोष्टी तपासायच्या: पत्ता बरोबर बनतो का, कार्यक्रम बरोबर वाचले जातात का, आणि रिकाम्या उत्तरावर प्रोग्राम न कोसळता रिकामी यादी देतो का. नमुन्यासाठी मुद्दाम असा दिवस घ्या ज्यात मध्यरात्र ओलांडणारा कार्यक्रम आहे. पहिल्या आणि शेवटच्या कार्यक्रमाची यूटीसी वेळ हातानं, कागदावर काढा आणि तीच चाचणीत लिहा. प्रोग्रामनं दिलेलं उत्तर उचलून चाचणीत चिकटवलं तर ती चाचणी तुमच्या चुकीला आयुष्यभर ‘बरोबर’ म्हणत राहील. मी हे केलेलं आहे.

साठवलेल्या उत्तरात तुमची कुकी, टोकन, फोन नंबर किंवा ग्राहक क्रमांक नाही ना ते बघा. सार्वजनिक रेपॉझिटरीत एकदा गेलेली गोष्ट नंतर पुसली तरी इतिहासात राहते.

पुल रिक्वेस्ट

मुख्य शाखेवर काम करू नका, नवी शाखा काढा. एका पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे आपला बदल मूळ प्रकल्पात घ्यायच्या विनंतीत, एकच साइट. ‘जाता जाता’ दुसऱ्या फाइलीतल्या मोकळ्या जागा नीट केल्या तर तपासणारा वैतागतो, आणि ते रास्तही आहे. वर्णनात चार ओळी पुरतात: काय बिघडलं होतं, कशामुळे, काय बदललं, आणि चाचणी चालवल्यावर टर्मिनलवर काय आलं. इंग्रजी मोडकीतोडकी असली तरी चालते, अर्ध्या योगदानकर्त्यांची तशीच असते.

मग थांबा. सगळे आपापल्या फावल्या वेळात काम करतात. आठवड्याभरात उत्तर नाही आलं तर एकदा नम्रपणे विचारा, रोज नको. कुणी बदल सुचवला तर त्याच शाखेवर नवा कमिट (बदलाची नोंद) टाका, नवीन पुल रिक्वेस्ट उघडू नका. बदल नाकारला गेला तर कारण विचारा. बरेचदा कारण एवढंच असतं की तोच स्रोत दुसऱ्या नावानं आधीच आहे. (म्हणून सुरुवातीलाच ‘साइट्स’ फोल्डरमध्ये शोध घ्यायचा असतो.)

स्वीकारला गेला की निदान महिनाभर तो स्रोत घरच्या टीव्हीवर चालू ठेवा. खरी परीक्षा सणासुदीला होते. गणपतीत, दिवाळीत वाहिन्या खास कार्यक्रम घालतात, मालिकांच्या वेळा हलतात, आणि काही संकेतस्थळं त्या दिवसांत निराळ्याच मांडणीचं पान देतात. मग शून्य कार्यक्रम. दुरुस्ती पुन्हा तुमचीच.

आमच्याकडे आता आई अधूनमधून सांगते की गाइड तीन मिनिटं पुढे आहे. मी कॉन्फिग तपासतो, यूटीसी बरोबर, मध्यरात्र बरोबर. मालिकाच सातला तीन मिनिटं कमी असताना सुरू झालेली असते. यावर पॅच नाही. टीव्हीहेडएंडमध्ये रेकॉर्डिंगला आधी पाच आणि नंतर दहा मिनिटांची मोकळीक ठेवायचा पर्याय आहे, तो लावून ठेवा.